तळटिपेतली माणसं

निसर्गचित्र म्हटलं की आपण नाक मुरडतो. पोट भरलेल्यांचे चोचले! मीही मुरडायचो. मग रातपाळी सुटल्यावर एका पुस्तकात इंग्रज चित्रकार टर्नरचं गुलामांच्या जहाजाचं चित्र (१८४०) बघितलं.

मधे मावळता सूर्य. त्याचा पांढरा-पिवळा पट्टा थेट समुद्रात उतरलेला. आभाळ लालभडक. नजर त्या उजेडामागं पार क्षितिजापर्यंत ओढली जाते. जहाज डावीकडं, लांब. नजर माघारी येते तर उजवीकडं, अगदी पुढ्यात, बेडी घातलेला काळा पाय पाण्याबाहेर. भोवती मासे तुटून पडलेले.

हे नुसतं कल्पनेतलं नाही. १७८१ साली ‘झोंग’ जहाजावरून सव्वाशेहून जास्त गुलाम समुद्रात फेकले. का, तर आजारानं मेले तर विमा नाही, ‘माल’ नाइलाजानं फेकला तर भरपाई मागता येते!

रस्किन हा बडा समीक्षक. १८४३ साली त्यानं या समुद्राची तोंडभरून तारीफ केली, आणि हे गुलामांचं जहाज आहे ही गोष्ट तळटिपेत घातली. टर्नरनं पाय पुढ्यात ठेवला, समीक्षेनं पानाच्या तळाला ढकलला.

पण तो पाय दिसतो त्याच लाल उजेडात. म्हणून उजेड नाकारू नका. तो कुणावर पडलाय, ते आधी विचारा.