प्राण्यांच्या जनुकसंचांचे अनुक्रम-संग्रह : वाढ आणि निगा

कोणत्याही शास्त्रातील संग्रहाचे परीक्षण दोन अंगांनी करावे लागते. त्यात किती सामग्री आहे हे एक अंग, आणि आहे ती कितपत विश्वसनीय आहे हे दुसरे. ग्रंथालय, वस्तुसंग्रहालय, शब्दकोश यांच्या बाबतीत हा भेद अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. प्राण्यांच्या जनुकसंचांचे अनुक्रम साठविणाऱ्या संगणकीय संग्रहांविषयी लिहिताना मात्र बहुधा पहिल्याच अंगाचा गौरव होतो. किती प्राण्यांचे अनुक्रम झाले, किती अब्ज अक्षरे जमा झाली, याची गणती अग्रभागी असते. जमा झालेल्या नोंदींपैकी किती तपासल्या आणि किती सुधारल्या, याचा उल्लेख क्वचितच तितक्या ठळकपणे येतो. आज प्राणिशास्त्राच्या बहुतेक शाखांतील संशोधक आपल्या प्रश्नाचा आरंभ या संग्रहांतील शोधाने करतात. म्हणून ही उपेक्षा केवळ व्यवस्थेची बाब राहत नाही. ती ज्ञानाच्या प्रामाण्याची बाब होते.

या संग्रहांचा इतिहास पाहिला असता वाढ आणि निगा यांची फारकत केव्हा व कशी झाली हे ध्यानात येते. १९६५ साली मार्गारेट डेहॉफ यांनी सहकाऱ्यांसह प्रथिनांच्या अनुक्रमांचा जो छापील संग्रह प्रसिद्ध केला, त्यात ६५ प्रथिने होती. असा ग्रंथ एका संपादकमंडळाच्या नजरेखालून अक्षरशः संपूर्ण जाऊ शकत असे. १९८२ मध्ये अमेरिकेत जेनबँक हा डीएनए-अनुक्रमांचा संग्रह सुरू झाला. त्या वर्षाच्या डिसेंबरातील आवृत्तीत ६०६ अनुक्रम आणि ६,८०,३३८ अक्षरे होती. युरोपात हायडेलबर्ग येथे आणि पुढे जपानात मिशिमा येथे असेच संग्रह निर्माण झाले, व तिघांनी आपली सामग्री परस्परांस नित्य पुरविण्याची पद्धत स्वीकारली. प्रारंभीच्या काळात नियतकालिकांत छापून आलेले अनुक्रम संग्रहाचे कर्मचारी वाचून यंत्रात उतरवीत. हे काम कंटाळवाणे खरे. परंतु त्यात प्रत्येक नोंद एका जाणत्या वाचकाच्या डोळ्यांखालून जात होती. सामग्रीचा ओघ वाढला तेव्हा अनुक्रम संशोधकाने स्वतःच दाखल करावा, असा नियम नियतकालिकांनी घातला. त्यावाचून गत्यंतरही नव्हते, कारण पुढील काळात संग्रहातील अक्षरांची संख्या सुमारे १८ महिन्यांत दुप्पट होत राहिली. मात्र त्या क्षणापासून संग्रह वाढविणारा एक आणि त्याची जबाबदारी वाहणारा दुसरा, अशी स्थिती उत्पन्न झाली.

त्यानंतरची वाढ सर्वश्रुत आहे. १९९८ मध्ये सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स या सूत्रकृमीचा सुमारे ९ कोटी ७० लाख अक्षरांचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. बहुपेशीय प्राण्याचा तो पहिला. २००० मध्ये फळमाशी, २००१ मध्ये मानवाचा कच्चा मसुदा, २००२ मध्ये उंदीर, २००४ मध्ये कोंबडी, २००९ मध्ये गाय, अशी ही मालिका पुढे सरकली. २०१८ मध्ये पृथ्वीवरील ज्ञात अशा सर्व, म्हणजे १५ लाखांच्या आसपासच्या, दृश्यकेंद्रकी जातींचे जनुकसंच दहा वर्षांत उलगडण्याचा संकल्प जाहीर झाला. संकल्प भव्य आहे, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. प्रश्न इतकाच की, या वेगाने भरणाऱ्या कोठारात धान्य निवडण्याचे काम कोणाकडे आहे ?

या प्रश्नाचे उत्तर संग्रहांच्या मूळ घटनेत शोधावे लागते. जेनबँक व तिची दोन भावंडे ही दफ्तरे आहेत. तेथील नोंद ज्याने दाखल केली त्याची असते, आणि सर्वसाधारणपणे तिच्यात दुरुस्ती करण्याचा अधिकारही त्याचाच असतो. दुसऱ्या संशोधकास चूक दिसली तरी तो ती परस्पर सुधारू शकत नाही. फार तर मूळ दात्यास किंवा संग्रहाच्या चालकांस कळवू शकतो. या नियमात शहाणपण आहे हे मान्य केले पाहिजे. कोणी काय पाहिले आणि कोणत्या दिवशी नोंदविले, हे दफ्तराने जसेच्या तसे राखावयाचे असते. १९९९ पासून प्रत्येक अनुक्रमाच्या क्रमांकापुढे आवृत्तीचा अंकही येऊ लागला, त्यामुळे जुना पाठ न पुसता नवा पाठ देता येतो. परंतु दाता निवृत्त झाला, विषय सोडून गेला किंवा उदासीन राहिला, तर चुकीची नोंद वर्षानुवर्षे तशीच राहते, आणि शोध घेणाऱ्यास ती बरोबर नोंदीच्या शेजारी, तिच्याच दिमाखात उभी असलेली दिसते.

ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय केंद्राने रेफसेक नावाचा वेगळा, संपादित संग्रह उभा केला. जेनबँक आणि रेफसेक यांतील भेद मराठी अभ्यासकास एका परिचित उदाहरणाने कळू शकेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची जी चिकित्सित आवृत्ती सिद्ध झाली, तिच्यासाठी जमविलेली हस्तलिखिते ही एक वस्तू, आणि ती ताडून, प्रक्षेप वेगळे काढून, पाठभेद तळटीपांत नोंदवून ठरविलेला पाठ ही दुसरी वस्तू. हस्तलिखितात लेखनिकाची चूक असली तरी ते जपूनच ठेवावयाचे. पण आधारासाठी उद्धृत करावयाचा तो चिकित्सित पाठ. जनुकसंचांच्या बाबतीत या दोहोंची गल्लत वारंवार होते. दफ्तरात सापडला म्हणजे अनुक्रम प्रमाण झाला, असे गृहीत धरले जाते.

या गल्लतीचे फळ काय असते, हे २०१५ सालच्या एका प्रकरणावरून स्पष्ट होते. टार्डिग्रेड अथवा जलअस्वल हा शेवाळात व पाण्यात राहणारा, मिलिमीटरपेक्षाही लहान प्राणी. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात उत्तर कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी त्याचा जनुकसंच प्रसिद्ध करून असे प्रतिपादन केले की, त्यातील सुमारे सहावा हिस्सा जनुके जीवाणू, बुरशी इत्यादी परक्या जीवांकडून आलेली आहेत. प्राण्यांत हे प्रमाण अभूतपूर्व होते. टार्डिग्रेड सुकून जाऊनही जिवंत राहतो, या नवलाशी त्याचा संबंध जोडता येत होता, त्यामुळे वार्ता सर्वत्र पसरली. एडिंबरा विद्यापीठातील दुसरा गट त्याच प्राण्यावर काम करीत होता. त्याने थोड्याच दिवसांत आपले विश्लेषण खुले केले आणि २०१६ मध्ये ते रीतसर प्रसिद्ध झाले. परकी जनुके म्हणून जी गणली गेली, त्यांतील बहुतांश त्या प्राण्याबरोबर वाढलेल्या जीवाणूंची होती. नमुन्यातील मिसळ जुळणीत शिरली होती. येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, जुळणीपूर्वीचे कच्चे वाचन पहिल्या गटाने उपलब्ध केले होते म्हणूनच चूक इतक्या लवकर दाखविता आली. दुसरी अशी की, २०१८ मध्ये वर्गीकरणकारांनी तपासणी करून प्रयोगशाळांतील तो टार्डिग्रेड हिप्सिबियस दुजार्दिनी नसून हिप्सिबियस एक्झेम्प्लॅरिस ही वेगळी जाती असल्याचे दाखविले. म्हणजे अनुक्रम आणि त्यावरचे नाव, दोहोंसही दुरुस्ती आवश्यक ठरली. नमुना जपलेला नसेल तर अशी दुसरी दुरुस्ती अशक्यच होते.

हे प्रकरण अपवादात्मक नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, केवळ प्रायमेट गणात आढळणारा एक पुनरावर्ती डीएनए-खंड खूण म्हणून घेऊन प्रायमेटेतर जीवांचे २,७४९ सार्वजनिक संग्रह तपासण्यात आले. त्यांपैकी ४९२ संग्रहांत मानवी अनुक्रमाची मिसळ आढळली. ती संशोधकांच्याच हातांतून गेलेली होती, हे उघड आहे. २०१४ मध्ये गायीच्या जनुकसंचात जीवाणूंचे अनुक्रम आणि, उलटपक्षी, परम्याच्या जीवाणूच्या जनुकसंचात गाय व मेंढी यांचे अनुक्रम दाखविण्यात आले. २०२० मधील एका पाहणीने जेनबँकेतील अशा मिश्रित नोंदींची संख्या २० लाखांहून अधिक असल्याचे नोंदविले.

परक्याची भर पडणे हा दोषाचा एक प्रकार झाला. स्वतःचे गळून पडणे हा दुसरा, आणि तो अधिक फसवा असतो. जुन्या तंत्रांस जी व सी या अक्षरांनी दाटलेले भाग नीट वाचता येत नसत. पक्ष्यांतील काही जनुके उत्क्रांतीत नष्ट झाली असा समज त्यातूनच बळावला होता. २०२१ मध्ये पृष्ठवंशी जनुकसंच प्रकल्पाने १६ जातींच्या नव्या जुळण्या प्रसिद्ध केल्या, तेव्हा जुन्या जुळण्यांत जनुके गळाल्याची आणि एकच जनुक खोटेपणाने दोनदा मोजल्याची उदाहरणे समोर आली. सर्वाधिक श्रम ज्यावर झाले त्या मानवी जनुकसंचाचाही सुमारे ८ टक्के भाग २०२२ पर्यंत अपुरा राहिला होता. संग्रहात जनुक न सापडणे आणि प्राण्यात जनुक नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा विवेक न राखल्यास उत्क्रांतीचा इतिहास यंत्राच्या मर्यादेवरून लिहिला जातो.

यावर एक आक्षेप संभवतो. २०२४ मध्ये राष्ट्रीय केंद्राच्या संशोधकांनी जेनबँकेतील १६ लाख जुळण्या नव्या पद्धतीने तपासल्या, तेव्हा मिसळीचे प्रमाण एकूण अक्षरांच्या ०.१६ टक्के भरले. इतक्या अल्प दोषासाठी एवढी चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु या संग्रहांतील चूक जागच्या जागी पडून राहत नाही. नव्या अनुक्रमावरील भाष्य जुन्या अनुक्रमाशी साम्य पाहून लिहिले जाते, त्यामुळे एका नोंदीवरील चुकीचे नाव दुसरीवर, दुसरीवरून दहांवर जाते, आणि पुढे ही दहा नावे परस्परांस साक्ष देऊ लागतात. लेखनिकाची चूक नकलांतून वाढत जाते, तसाच हा प्रकार होय. त्याच तपासणीचा दुसरा निष्कर्ष मात्र आश्वासक आहे. आढळलेल्या मिसळीपैकी निम्मी केवळ १६१ जुळण्यांत होती, आणि संपादित संग्रहातील मिसळ त्यानंतर ०.०१ टक्क्यावर आणण्यात आली. निगा राखणे अशक्य आहे असे म्हणण्यास त्यामुळे जागा उरत नाही. ते काम कोणी तरी अंगावर घ्यावे लागते, एवढेच.

अडचण येते ती नेमकी येथेच. नवा जनुकसंच प्रसिद्ध करणाऱ्यास कीर्ती व अनुदान मिळते. हजार जुन्या नोंदी दुरुस्त करणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही. कच्च्या वाचनाचे अमेरिकेतील दफ्तर खर्चाअभावी बंद करण्याची घोषणा २०११ मध्ये झाली होती. पुढे ती मागे घेतली गेली म्हणून ते वाचले. फळमाशीच्या संग्रहाची कथा अधिक बोलकी आहे. ब्रिजेस व ब्रेमी यांनी १९४४ मध्ये आणि लिंड्सली व ग्रेल यांनी १९६८ मध्ये या माशीच्या उत्परिवर्तनांच्या छापील सूच्या सिद्ध केल्या. त्या परंपरेचे उत्तराधिकारी म्हणून १९९२ मध्ये फ्लायबेस हा संगणकीय संग्रह आला. तेथे जाणकार संपादक प्रत्येक शोधनिबंध वाचून त्याचे सार जनुकाच्या नोंदीस जोडतात. २०१६ मध्ये खर्चकपातीच्या दडपणाखाली अशा अनेक प्राणिसंग्रहांनी एकत्र येण्याचा मार्ग धरला. २०२५ मध्ये अमेरिकी शासनाने हार्वर्ड विद्यापीठाची संशोधन-अनुदाने रद्द केली, त्यांत फ्लायबेसचे अनुदानही सापडले, आणि उपयोग करणाऱ्या प्रयोगशाळांकडे अर्थसाहाय्य मागण्याची पाळी संग्रहावर आली. तीन दशकांचे संपादन एका शासकीय आदेशाने डळमळू शकते, हे त्यावरून दिसले. यंत्रे नवी घेता येतात; पण एका प्राण्याचे वाङ्मय आयुष्यभर वाचलेला संपादक एकदा गेला की तो पुन्हा विकत मिळत नाही.

भारताच्या दृष्टीने हा विचार अकाली नाही. २०२० मध्ये भारतीय नागाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला व त्यातील १३९ विष-जनुके निश्चित करण्यात आली. सर्पदंशावरील नव्या प्रतिविषाची दिशा अशा नोंदींवरून ठरावयाची आहे. नागाच्या विषाची घटना प्रदेशपरत्वे बदलते. तेव्हा नमुना कोठला हे न कळल्यास अनुक्रम निर्दोष असूनही निष्कर्ष चुकू शकतो. नव्या नोंदीसोबत नमुन्याचा देश व तो गोळा केल्याचा काळ द्यावा, असा दंडक आंतरराष्ट्रीय संग्रहांनी २०२३ पासून घातला आहे; परंतु भारतासारख्या विस्तीर्ण देशात केवळ देशाचे नाव पुरेसे होत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात फरीदाबाद येथे भारतीय जैविक विदा केंद्राचे उद्घाटन झाले. सार्वजनिक निधीतून झालेल्या संशोधनाची सामग्री देशातच साठविली जावी, हा त्याचा हेतू स्तुत्य आहे. केंद्राचे यश मात्र किती सामग्री साठली यावर मापले जाण्याचा धोका तेथेही आहेच. आरंभापासूनच संपादकांची कायम पदे निर्माण करणे, आणि तपासलेली नोंद व न तपासलेली नोंद यांत वाचकास दिसेल असा भेद ठेवणे, हे दोन उपाय नव्या संस्थेस जुन्यांपेक्षा सुलभ आहेत.

विद्यापीठीय विभागांचा वाटाही लहान नाही. अनुक्रमासोबत कच्चे वाचन दाखल करणे, प्राण्याचा नमुना संग्रहालयात क्रमांकासह ठेवणे, स्थळ जिल्हा-तालुक्यापर्यंत नोंदविणे, आणि पुढे चूक आढळल्यास आपली नोंद आपण दुरुस्त करणे, ही कर्तव्ये प्रबंध सादर झाला म्हणून संपत नाहीत. जुन्या नोंदींची चिकित्सा हा पदव्युत्तर प्रबंधाचा स्वतंत्र विषय मानला गेला, तर या कामास प्रतिष्ठा लाभेल आणि विद्यार्थ्यासही मूळ पुरावा तपासण्याची सवय जडेल. अनुक्रम-संग्रह हा मुळात एक अखंड चाललेला संपादनव्यवहार आहे. त्यात रोज भर पडते म्हणून तो जिवंत असतो, असे म्हणता येत नाही. त्यातील चुका रोज कोणी तरी दुरुस्त करीत असतो, तोवरच तो प्रमाण म्हणविण्यास पात्र राहतो.