देहाची साक्ष आणि कादंबरीकार

युद्धविषयक कादंबऱ्यांत जखमा पुष्कळ असतात. परंतु कातडीवर ओरखडाही नसताना देह मोडून पडतो, त्याचे चित्रण विरळाच. पॅट बार्कर या इंग्रज लेखिकेने १९९१ साली प्रसिद्ध केलेली ‘रिजनरेशन’ ही कादंबरी याच विषयाला हात घालते. तिचे गुण सर्वमान्य आहेत व आम्हांसही ते मान्य आहेत. तथापि मनावरील आघात आणि शरीराची व्याधी यांचे जे नाते तिने रंगविले आहे, ते कितपत खरे याचा विचार होणे अवश्य आहे.

कथानक १९१७ सालचे. एडिंबरोनजीकच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात फ्रान्सच्या रणभूमीवरून आलेले अधिकारी ठेवलेले आहेत. कवी ससून व ओवेन हे तेथील रुग्ण आणि ससूनवर उपचार करणारे डॉक्टर रिव्हर्स, ही सारी इतिहासातील माणसे. बिली प्रायर मात्र कल्पित. तो येतो तो वाचा गमावून. वाचा लवकरच परत येते, पण स्मृती येत नाही. पुढे संमोहनावस्थेत उलगडा होतो, की तोफगोळ्याने मारलेल्या सहकाऱ्यांचे अवशेष खंदकातून उचलताना त्याच्या हाती एक डोळा आला होता. जे जिभेवर येऊ शकले नाही, त्याने जीभच बांधली, असा या प्रसंगाचा आशय. प्रसंग कमालीच्या संयमाने लिहिलेला आहे.

आमची शंका येथेच सुरू होते. या कादंबरीत देह बहुधा कवितेसारखा बोलतो. प्रत्येक लक्षणामागे एक अर्थ दडलेला, आणि डॉक्टर म्हणजे तो अर्थ लावणारा रसिक टीकाकार. काव्य शिकविण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या आमच्यासारख्यांना ही पद्धत फार गोड वाटते. म्हणूनच तिच्याविषयी सावध राहिले पाहिजे.

वैद्यकाचा इतिहास पाहिला तर निराळेच चित्र दिसते. अमेरिकेतील यादवी युद्धातल्या सैनिकांना तपासून डा कोस्टा या वैद्याने १८७१ साली एक निबंध लिहिला. छातीत धडधड, कळा, धाप या त्या सैनिकांच्या तक्रारी. हृदयात पाहावे तर बहुधा दोष सापडत नसे. १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी आघातोत्तर तणाव विकार हे नाव अधिकृत केले. त्यानंतरच्या संशोधनाने असे दाखविले, की हा विकार हृदयाला पुढे खरोखरच पोखरू शकतो. व्हिएतनाम युद्धकाळी सैन्यात असलेल्या जुळ्या भावांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्या जोड्यांत एकाला हा विकार होता व दुसऱ्याला नव्हता, त्यांत विकारग्रस्त भावांपैकी शेकडा २२.२ जणांना पुढे हृदयरोग जडला. दुसऱ्या भावांत हे प्रमाण १२.८ होते. संकट टळले तरी शरीर पहाऱ्यावरच राहते. झोप तुटते, रक्तदाब चढतो, तंबाखू व मद्य यांचा आधार घेतला जातो. या झिजेत उकलण्याजोगे कूट कोणते? रक्तवाहिनी काही सांगत नाही. ती केवळ झिजते.

बार्करबाईंना याची जाणीव नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. बर्न्स हे पात्र पाहावे. स्फोटाने उडून तो एका कुजलेल्या प्रेतावर आदळला. तेव्हापासून घास तोंडात जाताच त्याला वांती होते. असा रुग्ण खऱ्या रिव्हर्सांनी पाहिला होता व १९१८ साली छापलेल्या निबंधात त्याची हकीकत दिली होती. त्या अनुभवात मनाला धरून राहता येईल असे काहीच त्यांना सापडले नाही. कादंबरीतही बर्न्सचे दुःख निरर्थकच राहते, आणि आमच्या मते ग्रंथातील सर्वांत सत्य पृष्ठे हीच होत. तसाच प्रायरचा दमा. त्याचा अर्थ लावण्याच्या भरीस कोणी पडत नाही; पण त्याला रणभूमीपासून दूर ठेवतो तो हा दमाच.

ही चर्चा केवळ पंडिती नव्हे. ही कादंबरी वर्गात वाचीत असता एक विद्यार्थी तास संपल्यावर थांबला. त्याचे वडील लष्करातून निवृत्त झालेले. त्यांच्या छातीत दुखे. तपासणाऱ्याने “काही नाही, मनाचे आहे” असे सांगून वाटेस लावले. मुलाने विचारले, “सर, मनाचे आहे म्हणजे काही नाही, असे असते का?” आम्ही त्याला वडिलांना पुन्हा हृदयतज्ज्ञाकडे नेण्यास सांगितले. प्रायरच्या प्रकरणावर आमच्याजवळ पुष्कळ टिपणे होती. त्यांतले एकही त्या वेळी उपयोगी पडले नाही.

‘रिजनरेशन’ हे नाव मुळात मज्जातंतूंशी निगडित आहे. हेन्री हेड यांनी १९०३ साली स्वतःच्या हातातील मज्जातंतू कापवून घेतला, आणि संवेदना कसकशी परतते याची नोंद रिव्हर्सांनी चार वर्षे केली. त्या नोंदीत रूपकाला थारा नव्हता. कोठे टोचले आणि कोठे जाणवले, एवढेच लिहिले जाई. लेखिकेने त्या प्रयोगाचे नाव घेतले. तिची शिस्त मात्र बर्न्सच्या प्रकरणातच पुरती पाळली. ही उणीव ध्यानात ठेवूनही वाचकांनी हा ग्रंथ अवश्य वाचावा. प्रायरवर मोहित होण्यास हरकत नाही. बर्न्सपाशी मात्र थांबावे.