विवाहाचा पुरावा : एका उपेक्षित गद्यप्रकाराविषयी

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात दस्तऐवजी गद्याला मानाचे स्थान आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि महजर, करीना, कैफियत यांच्या भाषेकडे अभ्यासक आदराने पाहू लागले. आपल्याच घरांत आज जे दस्तऐवजी गद्य लिहिले जात आहे, त्याकडे मात्र समीक्षेचे लक्ष गेलेले नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलामुलींच्या विवाहाधारित व्हिसासाठी अथवा ग्रीन कार्डासाठी आप्तेष्टांनी लिहून द्यावयाचे प्रतिज्ञापत्र, हा तो गद्यप्रकार होय. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव किंवा गोवा येथील ज्या घरातले कोणी ना कोणी सातासमुद्रापार आहे, त्या घराला तो अपरिचित नाही. हे लेखन वाङ्मयीन कसोट्यांवर तपासण्याची वेळ आली आहे असे आम्हांस वाटते. हा केवळ हौसेचा विषय नव्हे. या लेखनाच्या गुणदोषांवर एखाद्या नवपरिणितेचे भवितव्य अवलंबून राहू शकते.

प्रथम या लेखनाचे प्रयोजन पाहू. अमेरिकेचा नागरिक किंवा कायम रहिवासी आपल्या जोडीदारासाठी आय-१३० हा अर्ज दाखल करतो, तेव्हा त्याला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. विवाह जेथे झाला तेथील कायद्याने तो वैध असावा लागतो, ही पहिली. तो केवळ व्हिसा मिळवण्यासाठी केलेला नसावा, ही दुसरी. पहिली गोष्ट दाखल्याने सिद्ध होते. दुसरी हेतूची आहे, आणि हेतूचा दाखला कोणतीही नगरपालिका देत नाही. १९७५ च्या बार्क खटल्यात अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयाने ही कसोटी स्पष्ट केली. विवाहाच्या वेळी उभयतांचा एकत्र संसार थाटण्याचा हेतू होता काय, एवढाच प्रश्न. पुढे ती दोघे वेगळी राहिली, एवढ्याने विवाह खोटा ठरत नाही. १९८६ मध्ये कायदा कडक झाला. विवाहाला दोन वर्षे पूर्ण होण्यापूर्वी निवासाचा हक्क मिळाला, तर तो दोन वर्षांपुरता सशर्त असतो. मुदत संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत उभयतांनी मिळून आय-७५१ हा अर्ज करून ती अट काढून घ्यावी लागते. त्या वेळी पुराव्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

पुरावा कोणता, याची यादी नियमांतच आहे : दोघांच्या मालकीची मिळकत, दोघांच्या नावे असलेला भाडेकरार, एकत्रित केलेला पैसाअडका, अपत्यांचे जन्मदाखले, आणि विवाहाची माहिती असलेल्या त्रयस्थांची प्रतिज्ञापत्रे. या यादीच्या मुळाशी दोघांच्याच बिऱ्हाडाची कल्पना आहे. आपल्याकडे घर सासऱ्यांच्या नावे, वीजबिल आजेसासऱ्यांच्या नावे आणि सुनेचे नाव फार तर शिधापत्रिकेवर, ही अवस्था जुन्या वाड्यांतून आजही आढळते. सहा महिने सासरी मनोभावे नांदलेल्या मुलीपाशी त्या सहा महिन्यांचा एकही कागद नसतो. नियमातील शेवटची बाब, म्हणजे माणसांची साक्ष, आपल्या कुटुंबांच्या दृष्टीने अनेकदा पहिली ठरते ती यामुळे.

आता ही साक्ष प्रत्यक्षात कशी लिहिली जाते? आमचे आयुष्य शासकीय दप्तरांत गेले आणि प्रतिज्ञापत्रांचे ढीग आमच्या नजरेखालून गेले आहेत. त्यांच्या साच्यावरून उदाहरणादाखल एक मजकूर आम्हीच रचून देतो : ‘मी सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की, मी वर व वधू यांना चांगला ओळखतो. त्यांचा विवाह हिंदू वैदिक पद्धतीने, उभय कुटुंबांच्या संमतीने संपन्न झाला असून उभयता सुखासमाधानाने व गुण्यागोविंदाने नांदत आहेत. सदर विवाह खरा आहे.’ या मजकुरात व्याकरणाची चूक नाही आणि असत्यही नाही. तरीही वाचणाऱ्याच्या हाती यातून काहीच लागत नाही. साक्षीदाराने स्वतः काय पाहिले, कोठे पाहिले, केव्हा पाहिले, हे यात नाही. नावे बदलून हाच मजकूर हजार विवाहांना लावता येईल. त्यातून मामा, शेजारी आणि वराचा मित्र अशी तिघांची प्रतिज्ञापत्रे शब्दशः एकच निघाली, तर खरा विवाहही बनावट वाटू लागतो. साचेबंद कवितेविषयी समीक्षक जे म्हणतो, तेच येथे अधिकारी म्हणतो : यामागे अनुभव दिसत नाही.

आपल्या परंपरेत साक्षीचे गद्य इतके निर्जीव नव्हते. महजरावर हजर असलेल्यांची नावे येत, पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी येई. कोण बोलतो आणि कोणत्या अधिकाराने बोलतो, हे कागदावरच कळे. अर्वाचीन काळात लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ पाहावे. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाइतकी एका विवाहाची भक्कम साक्ष मराठीत दुसरी आम्हांस आठवत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यानंतर पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. टिळकांचा तापट आणि विक्षिप्त स्वभाव, घरातील ओढाताण, रुसवेफुगवे यांतील काहीही लक्ष्मीबाई झाकत नाहीत. तरीही हा संसार खरा होता काय, अशी शंका कोणाही वाचकाच्या मनास शिवत नाही. त्या निर्वाळा देत बसत नाहीत. प्रसंग सांगतात, आणि निर्वाळा वाचक स्वतःच देतो. बार्क खटल्यातील न्यायमूर्तींनी जे तत्त्व सांगितले, ते आमच्या लक्ष्मीबाईंनी चाळीस वर्षे आधी लिहून दाखवले होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तेव्हा चांगले प्रतिज्ञापत्र कसे असावे? जन्म वा विवाह यांचा दाखला मिळतच नसेल, तर अमेरिकेचे नियम प्रत्यक्ष माहिती असलेल्या आणि अर्जात पक्षकार नसलेल्या दोन व्यक्तींची प्रतिज्ञापत्रे मागतात. ‘प्रत्यक्ष माहिती’ हे शब्द सर्वच साक्षींना लागू समजावेत. एखाद्या मावशीने असे लिहावे, अशी कल्पना करू : ‘मी वधूच्या आईची धाकटी बहीण. लग्नाच्या आदल्या दिवशी देवकप्रतिष्ठेस व दुसऱ्या दिवशी सप्तपदीस मी हजर होते. लग्नानंतर नऊ दिवस जोडपे आमच्या वाड्यातील माडीवरच्या खोलीत राहिले. जावई अमेरिकेस परतल्यावर दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येई, तेव्हा मुलगी आमच्याकडे असली तर मी तो घेत असे. जानेवारीत सासूबाईंचे डोळ्याचे ऑपरेशन झाले, तेव्हा ती महिनाभर त्यांच्यापाशी राहिली.’ यात ‘गुण्यागोविंदाने’ हा शब्द कोठेही नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही. अर्थात हे सारे घडलेले असेल तरच लिहावे. प्रतिज्ञापत्र शपथेवर असते; त्यात कल्पनेला स्थान नाही. विवाहाचे सोंग करणाऱ्यास अमेरिकेच्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे, आणि असा ठपका एकदा बसला की पुढचा खरा विवाहही त्या व्यक्तीला व्हिसा मिळवून देऊ शकत नाही.

भाषेचा प्रश्नही येथेच येतो. असे कागद इंग्रजीतच लिहिले पाहिजेत, हा समज चुकीचा आहे. परभाषेतील कागद चालतो. मात्र त्यासोबत संपूर्ण इंग्रजी भाषांतर हवे, आणि ते पूर्ण व अचूक असल्याचे तसेच आपणास दोन्ही भाषा येत असल्याचे भाषांतरकाराने लिहून द्यावे लागते. ज्या मावशीचे इंग्रजी चार ठरावीक वाक्यांपलीकडे जात नाही, तिच्याकडून इंग्रजी मसुद्यावर सही घेण्यापेक्षा तिला मराठीत मोकळेपणाने लिहू द्यावे. तिचे मराठी हीच तिची खरी साक्ष आहे.

भाषांतरकाराचे काम मात्र सोपे नाही. चुलतभाऊ, मावसभाऊ आणि मामेभाऊ या सर्वांस आपण इंग्रजी बोलताना सरसकट ‘ब्रदर’ म्हणतो. वराने अर्जात आपणास भाऊ नाही असे लिहिले, आणि लग्नाच्या फोटोखाली ‘वराचे ब्रदर’ असे छापले, की विसंगती झाली. लग्नपत्रिका हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय. कुलदेवतेपासून आरंभ, वडीलधाऱ्यांची नामावळी, चि. आणि चि. सौ. कां. ही उपपदे, कोठे कोठे शके आणि मिती. ही पत्रिका खरे तर उभय कुळांची जाहीर साक्ष आहे. पण मितीची इंग्रजी तारीख चुकली, किंवा ‘चि. सौ. कां.’ हे वधूच्या नावाचाच भाग समजले गेले, तर तीच साक्ष अंगावर उलटते.

नावांची गोष्ट याहून बिकट. कल्याणच्या यमुना जोशी विवाहानंतर आनंदीबाई झाल्या. १८८३ मध्ये पतीला मागे ठेवून त्या एकट्या अमेरिकेस गेल्या, तेव्हा आजच्या अर्थाचा व्हिसा नव्हता. असता, तर यमुना आणि आनंदी एकच, हे सिद्ध करण्यासाठी गोपाळरावांना प्रतिज्ञापत्र करावे लागले असते. तांदळात लिहिलेले सासरचे नाव आजही काही घरांत व्यवहारात येते आणि शाळेच्या दाखल्यावर राहते माहेरचे. मधले नाव आधी पित्याचे, नंतर पतीचे. शिवाय प्रांतोप्रांतीची लिपी आणि वळणे वेगळी : ग्वाल्हेरला शिंदे यांचे सिंदिया झाले, गोव्याच्या पोर्तुगीज दप्तरांत कामत यांचे कामोतिम झाले. तारखांचेही तसेच. हिंदू विवाह कायदा १९५५ प्रमाणे जेथे सप्तपदी हा विधी आहे, तेथे सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो. नोंदणी नंतर झाली तरी विवाहाची तारीख तीच. गोव्यात नागरी निबंधकापुढील नोंदीने विवाह कायदेशीर होतो आणि मांडवातला सोहळा बहुधा मागाहून येतो. कोणती तारीख कोठे लिहावयाची, हे आधी ठरवून सर्व कागदांत तीच ठेवावी.

या विषयावरील लोकप्रिय कलाकृतींपैकी पीटर वीअर यांचा ‘ग्रीन कार्ड’ (१९९०) हा चित्रपट विचारात घेण्याजोगा आहे. फ्रान्सहून आलेल्या नायकाला अमेरिकेत राहावयाचे असते, नायिकेला काचघर असलेली जागा हवी असते. दोघे कागदोपत्री लग्न करतात आणि चौकशी आली की एकमेकांची माहिती पाठ करू लागतात. त्या पाठांतरातूनच खरे प्रेम उपजते, पण मुलाखतीत नायक नायिकेच्या क्रीमचे नाव विसरतो आणि पकडला जातो. दिग्दर्शकाने येथे मर्म नेमके टिपले आहे. नवरा क्रीमचे नाव विसरतो, यात काहीच नवल नाही. ती गोष्ट आपण धड्यासारखी घोकली होती हे त्याच्या बोलण्यातून कळते, आणि तेथे सोंग उघडे पडते. आपल्याकडे खऱ्या जोडप्यांनाही मुलाखतीपूर्वी रात्ररात्र प्रश्नोत्तरे घोकावयास लावणारे हितचिंतक आहेत. खऱ्या जोडप्याने ‘आठवत नाही’ असे सरळ सांगावे; संसारात सारेच कोणाला आठवते?

एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. दोघांच्या खाजगी जीवनात डोकावण्याचा, त्यांच्या प्रेमाचे गुण देण्याचा अधिकार शासनास कोणी दिला? आक्षेपात तथ्य आहे. परंतु खोटे विवाह होतात आणि त्यांची झळ खऱ्यांना लागते, हेही तितकेच खरे. आमचा रोख वेगळीकडे आहे. ही पद्धत ज्याच्यापाशी कागद आहे त्याच्यावर प्रसन्न होते, आणि आपल्या समाजात कागद बहुधा पुरुषाच्या नावे असतो. सशर्त निवासाच्या दोन वर्षांत संसार मोडला, किंवा छळ झाला, तर पतीच्या सहीवाचूनही अट काढून घेण्याची मुभा कायद्यात आहे. छळ झालेल्या पत्नीसाठी ती १९९० मध्ये घातली गेली, आणि १९९४ च्या कायद्याने नागरिकाच्या वा कायम रहिवाशाच्या अशा पत्नीला स्वतःच अर्ज करण्याचाही हक्क दिला. पण तेव्हाही विवाह सद्‌हेतूने झाला होता हे तिला दाखवावे लागते. ज्या घराने तिचे नाव बँकेत घातले नाही, भाडेकरारात घातले नाही, तिचे पत्र जपले नाही, त्या घरातून ती पुरावा कोठून आणणार?

म्हणून मुलीची पाठवणी करताना दागिन्यांच्या यादीबरोबर कागदांचीही एक यादी असावी : विवाहाचा दाखला, जन्मदाखला, पत्रिका, फोटो, आणि यांतील प्रत्येकाची एक प्रत माहेरी. अमेरिकेत पोचल्यावर बँकेत आणि घराच्या करारात तिचे नाव लागले की नाही, हे विचारण्यास संकोच करू नये. आणि लग्नास हजर असलेल्या दोन-चार वडील माणसांनी आपण जे पाहिले ते, स्मरण ताजे असतानाच, तारीखवार लिहून ठेवावे. ज्यांना साक्ष द्यावयाची ते कायम असणार नाहीत. आमच्या नगरांतील साहित्यसंस्थांपाशी चांगले मराठी आणि चांगले इंग्रजी जाणणारी निवृत्त मंडळी भरपूर आहेत. व्याख्यानमालेचा एखादा रविवार त्यांनी अशा कागदांच्या भाषांतरास दिला, तर मराठी भाषेची सेवा त्यातही होईल.