'हिंद स्वराज'मधील वाचक

आदर्श समाजाचे चित्र ज्याच्या मनात पक्के झाले आहे, त्याच्याशी वाद कसा घालावा? महात्मा गांधींचे 'हिंद स्वराज' पुन्हा वाचताना हा प्रश्न आम्हांस नव्याने पडला. नोव्हेंबर १९०९ मध्ये लंडनहून दक्षिण आफ्रिकेस परतताना 'किल्डोनन कॅसल' या बोटीवर गांधींनी दहा दिवसांत हे पुस्तक गुजरातीत लिहिले.

ग्रंथ संवादरूप आहे. वाचक शंका घेतो, संपादक निरसन करतो. यंत्रांवरील प्रकरणात वाचक वर्मावर बोट ठेवतो : हे विचार छापले जाणार तेही यंत्रावरच ना? संपादक सांगतो, विषाचा उतारा कधी कधी विषानेच करावा लागतो. उत्तर चतुर आहे. परंतु विरोधी पुरावाही सिद्धान्ताच्याच पदरात पडू लागला, तर प्रश्नकर्त्याने बोलावे काय? वाचक तो धागा पुढे ओढत नाही. आमच्या मते या संवादाचे वैगुण्य हेच की, दोन्ही पक्षांची लेखणी एकाच हाती आहे.

खरे प्रतिवादी ग्रंथाबाहेर भेटले. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांना हे लेखन इतके अपक्व वाटले की, भारतात वर्षभर राहिल्यावर गांधी स्वतःच ते नष्ट करतील, असे भाकीत त्यांनी केले. अनुभव सिद्धान्ताला वाकवील, हा तो विश्वास; तो फोल ठरला. १९२१ मध्ये गांधींनी फक्त एक शब्द मागे घेण्याची तयारी दाखविली. मात्र रेल्वे वा रुग्णालये मोडणे हे आपले उद्दिष्ट नाही, लोकेच्छेनुसार संसदीय स्वराज्यासाठीच आपले सार्वजनिक कार्य आहे, हेही तेथेच सांगितले.

ऑक्टोबर १९४५ मध्ये त्यांनी नेहरूंना तोच आग्रह पुन्हा कळविला. नेहरूंनी उत्तरात तत्त्वाचा काथ्याकूट न करता अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण, आरोग्य सर्वांना पुरेसे कसे मिळेल, हे विचारले. वाचकाने विसंगती शोधली, गोखल्यांनी काळावर भिस्त ठेवली; नेहरूंनी मार्ग विचारला. स्वप्नाला अडचणीत आणणारा प्रश्न आम्हांस हाच वाटतो. विषाच्या उपमेने त्याचे उत्तर देता येत नाही.

नोव्हेंबरात पुण्यात दोघांची भेट झाली. मतभेद मिटले नाहीत. तरीही आपले आदर्श खेडे अद्याप कल्पनेतच आहे हे गांधींनी त्याच पत्रात मान्य केले होते, आणि आपल्यातील मतभेद लोकांस कळावेत असा आग्रहही धरला होता. स्वतःच्या अचूकतेची खात्री असलेला माणूस इतके करतो, तेव्हाच त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ उरतो. 'हिंद स्वराज'मधील वाचकाला हे भाग्य लाभले नाही.