गाव, नाव, वारस

माहीमहून धारावी, सायन ओलांडून अँटॉप हिलला गेलं की मुंबईतलं चिनी कबरस्तान लागतं. चिनी परंपरेतली थडग्यावरची शिळा म्हणजे मोजक्या अक्षरांची नेटकी रचना असते. तिच्यापाशी थांबून ती सावकाश वाचावी.

साधारण तीन उभ्या ओळी असतात, उजवीकडून वाचायच्या. आधी मूळ जिल्हा नि गाव, मध्ये ठळक अक्षरांत माणसाचं नाव, डावीकडे शिळा उभारणारी मुलं-नातवंडं. बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ मरणाचा प्रसंगच रंगवतात: लढाई, जहाजं, मग स्वर्ग. चिनी शिळा मरणाच्या प्रसंगाबद्दल चकार शब्द काढत नाही. माणूस कुठला आणि त्याच्या मागे कोण, हेच मुख्यतः सांगते. मधलं अख्खं आयुष्य एका नावात मावतं, आणि या संयमातच तिचं सामर्थ्य आहे.

पहिला मान गावाला. माझगावचं सी यूप कून हे 1919 सालचं चिनी देऊळ ग्वांगडोंग प्रांतातल्या चार जिल्ह्यांचं नाव मिरवतं. परमुलखात मेलेल्यांच्या अस्थी गावी धाडण्याची तिथल्या लोकांची रीत होती. हाँगकाँगच्या तुंग वा संस्थेनं 1899 पासून अशा शवपेट्यांना आणि अस्थींना वाटेत आसरा दिला. ज्यांचा हा परतीचा प्रवास घडला नाही, त्यांचं गाव निदान दगडावर पोचलं.

सर्वांत हृद्य जागा जोडप्याच्या शिळेवर सापडते. एक जण गेला की पुष्कळ ठिकाणी मागे राहिलेल्याचंही नाव कोरून ठेवतात, पण लाल रंगात. लाल म्हणजे हयात. तोही गेला की रंग बदलतात. अक्षराला हात न लावता अख्खा अर्थ पालटतो. असं लाघव मोठ्या कवींनाही क्वचितच साधतं.

वारसांची डावी ओळ मात्र अस्वस्थ करते. 1962 च्या युद्धानंतर संशयाच्या वातावरणात अनेक चिनी कुटुंबं भारत सोडून गेली. एप्रिलच्या आरंभी छिंगमिंगच्या सणाला वारसांनी थडगी झाडायची, फिकी अक्षरं पुन्हा रंगवायची, उदबत्त्या लावून चहा-फळांचा नैवेद्य दाखवायचा, अशी प्रथा आहे. म्हणजे शिळेवरचा मजकूर एकदा कोरून संपत नाही. तो राखण्याचं काम ज्यांच्याकडे, त्यांचीच नावं त्यात आहेत. ते दूर गेले असतील, तर ही अक्षरं जपण्याची जबाबदारी या शहराचीही आहे.