'गॉथिक' संगीत : एका नव्या श्रोत्याची काही निरीक्षणे

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला 'गॉथिक' हा शब्द प्रथम भेटतो तो एका मृत भाषेचे नाव म्हणून. चौथ्या शतकात वुल्फिला या धर्माध्यक्षाने बायबलाचे जे भाषांतर केले, त्याचा उरलेला भाग जर्मानिक भाषांच्या तौलनिक अभ्यासाचा एक मुख्य आधार होय. जांभळ्या चर्मपत्रावर रुपेरी व सोनेरी शाईने लिहिलेली त्याची सहाव्या शतकातील प्रत स्वीडनमधील उप्साला येथे जतन केलेली आहे. पुढे या शब्दाने जी भ्रमंती केली ती अर्थपरिवर्तनाचा पाठ देताना मोठी उपयोगी पडते. सोळाव्या शतकात वासारीने मध्ययुगीन स्थापत्य 'गॉथांचे', म्हणजे रानटी लोकांचे, म्हणून हिणविले. वस्तुतः ती शैली बाराव्या शतकात फ्रान्समध्ये उदयास आली आणि गॉथांचा तिच्याशी काहीही संबंध नव्हता. १७६४ साली वॉलपोलची 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' ही कादंबरी प्रसिद्ध झाली व दुसऱ्या आवृत्तीत तिने हे विशेषण उपशीर्षकात मिरविले. तेव्हापासून पडके वाडे, भुयारे आणि पिशाचे यांच्याशी ते कायमचे जोडले गेले.

दोन वर्षांपूर्वी वर्गात एवढे सांगून मी थांबलो, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, आणि संगीत?" मी उत्तरलो, "ते नाव संगीताचे नव्हे, पोशाखाचे आहे." वर्ग हसला, ती हसली नाही. वस्तुस्थिती अशी होती की, त्या संगीताचा एक सूरही तोवर माझ्या कानी पडला नव्हता. पुढच्या आठवड्यात तिने ध्वनिमुद्रिकांची एक यादी निमूटपणे माझ्या मेजावर ठेवली. प्रस्तुत टिपण त्या यादीचे फलित आहे.

यादीच्या अग्रभागी बाउहाउस या नॉर्दॅम्प्टनच्या वाद्यमेळाची १९७९ मधील 'बेला लुगोशीज डेड' ही रचना होती. ती नऊ मिनिटांहून अधिक चालते, आणि पहिली जवळजवळ तीन मिनिटे गायक तोंडच उघडीत नाही. ड्रमच्या कडेवर पडणारे कोरडे ठोके, त्यांचे लांबत जाणारे प्रतिध्वनी, बास गिटारची हळूहळू खाली उतरणारी स्वरपंक्ती, आणि मधूनच गिटारचा खरखरीत ओरखडा, एवढीच सामग्री. ख्याल ऐकून घडलेला माझा कान विस्ताराची वाट पाहत राहिला. स्वरामागून स्वर उलगडेल, बढत होईल, अशी ती अपेक्षा होती. विस्तार आलाच नाही. पहिल्या श्रवणानंतर 'दारिद्र्य' असा शब्द मी वहीत लिहून ठेवला. तिसऱ्या-चौथ्या खेपेस ध्यानी आले की, येथे स्वराचा विस्तार अभिप्रेत नसून अवकाशाचा आहे. ठोका आणि त्याचा प्रतिध्वनी यांमधील अंतर हेच या रचनेचे खरे द्रव्य होय. ऐकणारा एका रिकाम्या दालनात उभा केला जातो आणि त्या दालनाची लांबीरुंदी कानाने मोजू लागतो. मर्ढेकरांनी लयीच्या संवाद, विरोध व समतोल या तत्त्वांची जी मांडणी केली आहे, तीत या प्रकारास विरोधाच्या घरात घालावे असे प्रथम वाटते. परंतु एकच विरोध नऊ मिनिटे तसाच टिकवून धरला की त्याचा संवाद होऊ लागतो, याचा अनुभव मला येथे आला.

शीर्षकाविषयी थोडे विषयांतर करतो. बेला लुगोशी हा १९३१ च्या 'ड्रॅक्युला' चित्रपटातील नट. तो १९५६ साली वारला. त्याचे मूळ आडनाव ब्लाश्को. 'लुगोशी' म्हणजे लुगोश गावचा. हंगेरियन भाषेतील हा 'इ' प्रत्यय नेमके आपल्या 'कर' प्रत्ययाचे काम करतो, तेव्हा आपण त्यास खुशाल लुगोशकर म्हणावे! त्याहून महत्त्वाचा शब्द गीताच्या पालुपदात आहे: 'अनडेड'. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' (१८९७) या कादंबरीच्या हस्तलिखिताचे शीर्षकही हेच होते. 'मृत' या शब्दामागे नकार जोडला की 'जिवंत' असा अर्थ व्हावयास हवा; तो होत नाही. आपले 'अमृत'ही त्याच घटकांचे बनले आहे, परंतु ते मृत्यूच्या पलीकडे जाते. 'अनडेड' मृत्यूला चिकटून राहते. आपल्या वैयाकरणांनी नकाराचे जे दोन प्रकार सांगितले आहेत, त्यांपैकी पर्युदास येथे तंतोतंत लागू पडतो: 'अब्राह्मण' म्हणजे ब्राह्मणाहून भिन्न परंतु त्याच्याशी सदृश असा कोणी, त्याप्रमाणे 'अनडेड' म्हणजे मृताहून भिन्न, तरीही मृतासारखा. माझ्या मते या संगीतप्रकाराचा सगळा भावविश्वविस्तार या एका नकारात सामावला आहे. जे संपले आहे, परंतु संपून जात नाही, त्याचे हे गाणे आहे.

येथून रसाचा प्रश्न उपस्थित होतो. वटवाघळे, थडगी, काळी वस्त्रे हे सर्व विभाव भयानकाचे आहेत, यात शंका नाही. परंतु ऐकताना भय वाटते काय? मला एकदाही वाटले नाही. जे वाटले ते शोकाच्या जातीचे होते. द क्युअर यांची 'फेथ' (१९८१) ही ध्वनिमुद्रिका घ्या. तीत भयानकाचे साहित्य जवळजवळ नाहीच. संथ ठेका, धूसर वाद्यध्वनी आणि रॉबर्ट स्मिथचा दूरवरून येणारा स्वर, एवढेच आहे. भरताने करुण आणि विप्रलंभ यांतील भेद आशेच्या असण्यानसण्यावर बसविला आहे. शोक दोहोंतही असतो, परंतु करुणाला वाट पाहावयाची नसते. 'फेथ' या नावाच्या ध्वनिमुद्रिकेत वाट पाहणे संपलेले आहे. तिच्या नावातील उपरोध मला उशिरा कळला.

जॉय डिव्हिजन यांच्याविषयी लिहिताना मात्र हात आखडतो. त्यांच्या रचनांत पीटर हूक बास गिटारच्या वरच्या स्वरांवर चाल वाजवितो, त्यामुळे ज्या वाद्याने पाया घालावयाचा तेच विलाप करू लागते. ही गोष्ट अभ्यासण्याजोगी आहे. परंतु गायक इयन कर्टिस याने १८ मे १९८० रोजी आत्महत्या केली आणि 'क्लोजर' ही ध्वनिमुद्रिका त्यानंतर जुलैत प्रसिद्ध झाली. तिच्या वेष्टनावर जिनोव्हा येथील दफनभूमीतील थडग्याचे छायाचित्र आहे. ते त्याच्या मृत्यूपूर्वीच निवडलेले होते. हे ठाऊक असूनही श्रोता प्रत्येक सुरात मृत्यूची चाहूल शोधतो, मीही शोधली. चरित्राचा आधार घेऊन रसाचा निर्णय देणे ही समीक्षेतील जुनी चूक आहे, हे शिकविणाऱ्याच्या हातूनही ती घडते.

लीड्सच्या द सिस्टर्स ऑफ मर्सी यांचे महत्त्व मी जाणतो. ताल देणाऱ्या यंत्रास 'डॉक्टर ॲव्हलाँश' असे नाव देण्यातील विनोदही जाणतो. त्या यंत्राच्या अविचल ठेक्यावर अँड्र्यू एल्ड्रिच याचा मंद्र आवाज प्रभावी वाटतो. पण त्यांच्यामागून आलेल्या अनेकांनी केवळ तो आवाज आणि धूर तेवढा उचलला. विभावांची रास रचली की रस आपोआप निष्पन्न होतो, हा समज आपल्याकडील भयकथाकारांतही आढळतो.

हा एल्ड्रिच स्वतःस 'गॉथ' म्हणवून घेण्यास साफ नकार देतो, आणि तो एकटा नव्हे. नाव ज्यांना दिले त्यांनी ते नाकारले. ज्यांना दिले नव्हते त्या श्रोत्यांनी ते अंगावर घेतले. माझी वर्गातील कोटी येथे मला फार टोचते. ऑगस्ट २००७ मध्ये लँकशरमधील बेकप येथील एका उद्यानात सोफी लँकेस्टर या वीस वर्षांच्या मुलीस व तिच्या मित्रास केवळ त्यांच्या वेषामुळे मारहाण झाली आणि ती मुलगी त्यात दगावली. शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनी यास द्वेषमूलक गुन्हा म्हटले. २०१३ पासून ग्रेटर मँचेस्टरचे पोलीस अशा उपसंस्कृतींतील व्यक्तींवरील हल्ल्यांची त्याच सदरात नोंद करू लागले. 'ते नाव पोशाखाचे आहे' हे माझे विधान एका अर्थी खरे ठरले, पण हसण्याजोगे राहिले नाही. हे मी त्या विद्यार्थिनीस त्याच वर्गात, सर्वांसमक्ष सांगितले. तिने मान हलविली आणि विचारले, "सर, 'जुजू' ऐकलीत काय?"

सूझी अँड द बॅन्शीज यांची १९८१ मधील 'जुजू' मी ऐकली आहे, आणि तीच माझी अडचण आहे. तिच्यातील पहिल्याच रचनेत गिटार धावत सुटते, बजीचे ड्रम झांजांना फारसा वाव न देता खोलवर घुमत राहतात, आणि सूझीचा स्वर शोक करीत नाही. तो हुकूम करतो. तेथे करुण नाही. भयानक म्हणावे तर भिणारे कोणी दिसत नाही. ज्याची भीती वाटावी त्याच्याच बाजूने हे गाणे गाइले जाते. अशा वेळी रस कोणाचा धरावयाचा, आश्रयाचा की आलंबनाचा, हा प्रश्न माझ्या वहीत अद्याप तसाच उघडा आहे.