वजन नसलेली तलवार

हालचालीवर चालणारे व्हिडिओ गेम घराघरांत पोचल्याला आता जवळपास वीस वर्षं होत आली. यंत्र हालचाल किती अचूक टिपतं यावर या काळात भरपूर लिहिलं गेलं. हालचाल केल्यावर हाताला परत काय मिळतं, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा चामडी चेंडू बॅटच्या टोकाला लागला की तळहात झिणझिणतो. फटका फसला हे डोळ्यांआधी बोटांना कळतं. रिमोट फिरवताना मात्र समोर नुसती हवा असते. या गेमांच्या कर्त्यांनी घेतलेल्या बहुतेक बऱ्यावाईट निर्णयांचं मूळ मला या हवेतच दिसतं.

निन्टेंडोच्या 'वी' या गेमयंत्राबरोबर २००६ मध्ये आलेल्या 'वी स्पोर्ट्स'ने या अडचणीतून सुंदर वाट काढली. त्या रिमोटमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटर आणि इन्फ्रारेड कॅमेरा होता. मनगट नेमकं कसं वळलं हे त्याला नीट कळत नसे. म्हणून टेनिसमध्ये धावण्याचं काम गेमने स्वतःकडे घेतलं आणि फटका कधी मारायचा एवढंच आपल्या हाती ठेवलं. जाणकाराला हे अपुरं वाटेल, पण चेंडूची उसळी बघत क्षणभर हात आवरून धरणं खऱ्या टेनिसमधलंच आहे. लोक तर इतके रंगले की रिमोट हातातून सुटू लागले, आणि त्याच डिसेंबरात कंपनीने ३२ लाख मनगटपट्ट्या बदलून द्यायची तयारी दाखवली. खरं तर मनगटाच्या हलक्या झटक्यानेही तोच फटका बसत होता. तरी माणसं पूर्ण हात फिरवत होती. गेमने न मागितलेला खरेपणा ती आपणहून ओतत होती.

पुढे २००९ मध्ये जायरोस्कोप असलेला 'मोशनप्लस' जोड आला आणि हाताचं वळणही कळू लागलं. त्याच्या भरवशावर २०११ मध्ये 'द लेजंड ऑफ झेल्डा: स्कायवर्ड स्वोर्ड' उभा राहिला. या गेमबद्दल मला मनापासून आदर आहे. यात वार कोणत्या दिशेने केला याला खरा अर्थ आहे. शत्रू ज्या बाजूने अडवतो ती सोडून दुसऱ्या बाजूने घाव घालावा लागतो. गिराहिम हा खलनायक तर आपलं पातं बोटांच्या चिमटीत पकडतो. त्याला एका बाजूला झुलवत न्यायचं आणि झटकन भलतीकडून वार करायचा. पण तलवार शत्रूच्या ढालीवर अडते तेव्हा आपला हात अडत नाही. पडद्यावरची तलवार एकीकडे, मनगट दुसरीकडे, आणि मधूनमधून बटण दाबून दोघांची पुन्हा गाठ घालून द्यायची. हालचाल जितकी नेमकी टिपली जाते, तितकी ही फारकत जास्त खुपते. 'वी स्पोर्ट्स'ने एकास एक अनुकरणाचं वचन दिलंच नव्हतं, त्यामुळे तिथे ती जाणवलीही नाही.

मायक्रोसॉफ्टच्या किनेक्ट या कॅमेऱ्याने २०१० मध्ये हातातली वस्तूच काढून घेतली. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख किनेक्ट विकले गेले, तरी त्यावरचे बहुतेक साहसी गेम चाचपडतच राहिले. टिकला तो हार्मोनिक्सचा 'डान्स सेंट्रल', आणि त्याचं कारण साधं आहे: नाच मुळातच हवेत होतो. तिथे हाताला काही लागायचंच नसतं, म्हणून काही हरवतही नाही. 'इलेव्हन टेबल टेनिस' हा आभासी वास्तवातला (व्हीआर) गेम इतका खरा वाटतो त्यामागेही हेच आहे. टेबल टेनिसचा चेंडू जेमतेम २.७ ग्रॅमचा, त्याची टिचकी कंट्रोलरच्या थरथरीतून सहज उभी करता येते. नसलेल्या टेबलावर हात टेकायला जाऊन खेळणारे तोल घालवतात, इतका तो भास पक्का आहे.

तलवारीचं कोडं सर्वांत मोकळेपणाने सोडवलं ते प्रागच्या बीट गेम्सने २०१८ मध्ये आणलेल्या 'बीट सेबर'ने. त्यातल्या प्रकाशाच्या पात्याला वजन असायची गरजच नाही. पण या गेमचं खरं कौशल्य गुण मोजण्याच्या पद्धतीत आहे. समोरून येणारा एक ठोकळा कापण्याचे ११५ गुण: कापण्याआधी हात १०० अंश फिरला तर ७०, कापल्यावर ६० अंश पुढे गेला तर ३०, आणि उरलेले १५ मधोमध कापल्याबद्दल. जोराला एकही गुण नाही. ठोकळ्याने हाताला अडवलं नाही ही उणीव होती. हात न थांबता पुढे जावा यालाच गुण देऊन तिचा नियम करण्यात आला. या माध्यमात याहून नेमका विचार मला क्वचितच दिसला आहे.

उलट वाटेने जाणारेही आहेत. २०२० च्या 'द वॉकिंग डेड: सेंट्स अँड सिनर्स'मध्ये जड हत्यार हाताच्या मागे रेंगाळत येतं आणि कवटीत रुतलेला सुरा हिसडून काढावा लागतो. वजनाचा हा आभास भीतीच्या गेममध्ये शोभतो. रोजच्या मारामारीत तो थकवतो. त्याच वर्षीचा 'हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स' मला अधिक समंजस वाटतो. लांबची वस्तू मनगटाच्या झटक्याने उडत हाताशी येते, यात वास्तव काहीच नाही. मॅगझीन मात्र खांद्यामागून काढून, पिस्तुलात बसवून स्लाइड ओढावी लागते. समोर शत्रू असताना बोटं गडबडतात ती तिथेच, आणि गेमला वास्तव हवं आहे तेही तिथेच. 'हाफ-लाइफ' मालिकेची ओळख असलेली पहार मात्र यात नाही. जिचा घाव हाताला जाणवणार नाही ती हातात न देणं मला योग्य वाटतं.

हे सगळं बोलताना आपण एक धडधाकट, दोन हातांचं, उभं राहू शकणारं शरीर गृहीत धरतो, आणि समीक्षेत त्याचा उल्लेखही होत नाही. 'अ‍ॅलिक्स' बसून आणि एका हाताने खेळायची सोय देतो. 'स्कायवर्ड स्वोर्ड'च्या २०२१ च्या आवृत्तीत कंट्रोलरच्या उजव्या स्टिकनेही वार करता येतात. जुन्या चाहत्यांपैकी काहींना ही पळवाट वाटेल. पण स्टिकने खेळतानाही गिराहिमला एका बाजूला झुलवून दुसरीकडूनच गाठावं लागतं.